पिल्लांवरची मरळ

मनिरामबाबा आता चार दिवसांचा पाहुणा, असं डॉक्टर म्हणाले. त्यातले तीन दिवस म्हाताऱ्याने रीनावर खेकसण्यातच घालवले. चौथ्या दिवशी गावच्या तलावात जाळं पडणार होतं.

चिचगडकडच्या ढिवरांत मनिरामसारखा पट्टीचा मासेमार दुसरा नव्हता. पण तलावात बेशरमाची झुडपं माजली, गावरान मासे गेले. मरळ तर पंधरा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी खोकल्याने खाट धरली, तेव्हा त्याने शेजारच्या सुनेला, रीनाला, शिकवायला घेतलं. खाटेवरून हुकूम सुटत: बेशरम मुळासकट उपट, उन्हाळ्यात तळ नांगर, पाणगवत लाव. गाव हसलं, "मासे सोडून गवत पेरून राहिली!" रीना बायका गोळा करून पेरतच राहिली.

"एक जिती मरळ हातात दे, मंग मी मोकळा," सकाळी बाबा म्हणाला.

"आणतोच मी!" म्हणत रीना पळाली.

कमरेएवढ्या पाण्यात बायकांनी जाळं ओढलं आणि रीनाच्या हाताला असा हिसका बसला की ती पडता पडता वाचली. मरळ! काळीभोर, हातभर! बायकांनी तलाव डोक्यावर घेतला.

"रीना, इकडं पाह्य वं," मंजू ओरडली. "पाण्यात कुंकू सांडलं का?"

कुंकू नव्हतं, पिल्लं होती. लालभडक, बोटाच्या पेराएवढी, हजारोंनी. बाबाचा पहिलाच धडा होता: पिल्लांवरची मरळ धरायची नाही. राखणारी गेली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

"बाबाले दाखवू अन् आणून सोडू," मंजू म्हणाली.

घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तोवर काय उरणार? रीनाला रडू फुटलं, पण तिने जाळं उघडलं. मग निथळत्या लुगड्यानिशी धावत सुटली.

"बाबा, मरळ घावली. सोडली."

"काऊन?"

"पिल्लं होती. मोजता येत नाई एवढी!"

कित्येक महिन्यांत उठून न बसलेला म्हातारा कोपरांवर उठला. "पिल्लं? आपल्या तलावात? रुख्मा, आयकलं का वं, पिल्लं!" तो हसला, खोकला, पुन्हा हसला. त्याची बायको रुख्मा त्याची पाठ चोळत स्वतःही हसू लागली.

मग त्याने रीनाचा ओला हात घट्ट धरला.

"पंधरा सालाआधीची शेवटची मरळ मीच धरलो. तिच्याबी भवताल पिल्लं होती. घरी पाहुणे आले होते, रस्सा केला. मले जे जमलं नाई, ते तू केली, पोरी."

रीना खाटेशी टेकू लागली, तसा त्याने तिचा हात झिडकारला.

"माह्याजवळ कायले बसतं? मी काही कुठं पळून नाई जाऊन राहिलो. जाय तलावावर. पिल्लं मोठी होवोत, तोवर तिथं कोणाले जाळं टाकू देऊ नोको."

रीना डोळे पुसत, हसत, तशीच तलावाकडे पळाली.