नदीच्या जागी साप

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. माझ्यावर विश्वास ठेवून अमडापुरात आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. पण माझ्या बायकोनं, चौथी नापास रुख्मिणीनं, अख्ख्या विद्यापीठाला हरवलं.

परवा ग्रामपंचायतीच्या हॉलबाहेर बाकावर बसून मी हेच सांगत होतो. शेजारी रुख्मिणी, नवं लुगडं नेसून. समोर गुलाबराव आणि दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. आत विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेची माणसं टेबलं मांडत होती. आठवण कशी राहते आणि कशी जाते, याचा ती अभ्यास करतात. चौदा महिन्यांनी दुसऱ्यांदा आली होती.

"मांगच्या खेपेले यायनं पंधरा शब्द वाचले," मी सांगत होतो. "रुख्मिणीनं पंधराचे पंधरा सांगतले. मंग उलटे सांगतले. मंग सायबानं पन्नास वाचले, तेही सांगतले. शेवटी कॉम्प्युटर बंद पडला, आन् साहेब म्हने, माय, आता तुमीच आमाले शिकवा."

"उकंडराव, पोळ्याले सांगतलं तवा तं चाळीस होते," गुलाबराव म्हणाला.

"तुले चाळीस आठवते, हेच लय झालं बे!"

सगळे हसले. मागच्या वेळी गुलाबरावला पंधरापैकी चारच शब्द सांगता आले होते, आणि गावानं त्याचं नाव 'चार शब्द' ठेवलं होतं. ते नाव पहिल्यांदा कोणी उच्चारलं, हे मला विचारू नका.

आता खरं काय झालं ते सांगतो. तुम्ही लांबचे आहात म्हणून.

त्यांची रीत अशी: एक मुलगी समोर बसून पंधरा शब्द वाचते, आणि ऐकणाऱ्यानं आठवतील तेवढे सांगायचे. मग अर्धा तास इकडचं-तिकडचं विचारून पुन्हा तेच शब्द सांगायला लावतात. शहरात हे बंद खोलीत होत असणार. आमच्याकडे पुढच्या प्रत्येक खिडकीला चार-चार डोकी लोंबत होती. मोठे संशोधक शेखर सर, पुण्याचे, म्हणाले, "असू द्या, असू द्या. नैसर्गिक वातावरण आहे." तिथंच त्यांचं चुकलं. गुलाबराव अडला तसा खिडक्यांतून हशा उठला. त्याची सून सारिका पदर तोंडावर घेऊन निघून गेली.

त्याच्यानंतर रुख्मिणीची पाळी होती. आणि त्या आठवड्यात तिनं दोनदा चहात मीठ घातलं होतं, पोटच्या पोरीचा फोन आला तर "ही योगिनी कोन?" म्हणून विचारलं होतं, हे गावात फक्त मला माहीत होतं.

हॉलच्या मागच्या बाजूला उकिरडा आहे. तिकडच्या खिडकीत कोणी उभं राहत नाही. मी राहिलो. वाचणाऱ्या मुलीची माझ्याकडे पाठ, रुख्मिणीचं तोंड माझ्याकडे. शब्द वाचून झाले तसा मी खुणा करायला लागलो. बैलाला डोक्यावर दोन बोटं धरली. कुऱ्हाडीला हवेत घाव घातले. डोळ्याला डोळा दाखवला. चंद्राला दोन्ही हातांचा गोल केला, नदीला तळहात नागमोडी चालवला. जन्मभर गोष्टी सांगताना केलेले हातवारे त्या दिवशी उपयोगी पडले. रुख्मिणी माझ्याकडं बघून हळूहळू एकेक शब्द बोलत गेली. अर्ध्या तासानं पुन्हा तेच.

पंधरापैकी बारा. गावात पहिला नंबर. शेखर सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

ज्यांना कमी शब्द आले त्यांची यादी झाली. गाव त्या यादीला हसलं. मग यादीतल्या माणसांना गाडी आली, शहरात मेंदूचे फोटो निघाले, गोळ्या सुरू झाल्या. दर बुधवारी एक बाई घरी येऊन त्यांच्याकडून सराव करून घेऊ लागली. गुलाबरावच्या घरी आता प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: न्हाणी, कोठी, बाहेर. तो एकटा जाऊन दाढी करून येतो आणि एकटा घरी पोचतो.

आणि माझी पहिला नंबर? भर दुपारी बसस्टँडवर जाऊन उभी राहते. वडनेर भोलजीला माहेरी जायचं म्हणते. तिथं तिचं कोणी उरलेलं नाही. गेल्या महिन्यात मी शेतातून आलो, तर तिनं दार अर्धंच उघडलं.

"घरधनी वावरात गेले," म्हणाली. "तुमी सांजच्याले या."

मी ओट्यावर बसून राहिलो. सांज झाली तसं उठून पुन्हा दार वाजवलं.

म्हणून परवा तिला घेऊन आलो होतो. कसंही करून तिचं नाव त्या यादीत घालायचं होतं.

मागच्या वेळी शब्द वाचणारी मुलगी हातात फाइल घेऊन बाहेर आली. धम्मशीला, दुसरबीडची. याच विषयात तिची पीएचडी चालू आहे.

"आबा, काकूचं नाव नाहीये या खेपेला. ज्यांना कमी आले होते, त्यांनाच बोलावलंय."

"घाल ना बाई एक नाव. कागदाले काय वझं होते का?"

"कसं घालू? काकू आमच्या निरोगी गटात आहेत. बारा शब्द! बाकीच्यांना आम्ही त्यांच्याशीच तर ताडून बघतो."

म्हणजे गाव किती विसरलं, हे माझ्या बायकोवरून मोजत होते.

धम्मशीला जवळ येऊन हळू म्हणाली, "मागची तपासणी चुकली असेल, असं काही कारण असलं तर सांगा. मी आत्ता नाव लिहिते. यादी आज बंद होते, आबा."

मी खुणा करत होतो. एवढंच म्हणायचं होतं. चारच शब्द. ओठांपर्यंत आले होते. पण समोर गुलाबराव बसला होता, ताजी दाढी केलेला, आणि माझ्याकडेच बघत होता.

"कारन काय असन?" मी म्हणालो. "तिची आठवन लय तेज होती. पन्नास-पन्नास शब्द वापरून झिजली थोडी."

बाकावरचे हसले. धम्मशीला हसली नाही. तिनं फाइल उघडली.

"मग मला एक सांगा. काकूचे तीन शब्द चुकले होते, ते मला चौदा महिने झाले उलगडत नाहीयेत. माणूस नदी विसरला तर विहीर म्हणतो, नाला म्हणतो, नाहीतर गप्प बसतो. काकू साप म्हणाल्या. चंद्राच्या जागी भाकर. छत्रीच्या जागी घागर. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, ही ग्रामीण कल्पनाशक्ती. त्यांनी त्यावर लेखही लिहिला."

छत्रीला मी डोक्यावर मूठ धरली होती.

"बरोबर हाय सरायचं," मी म्हणालो. "तिच्या माहेरची नदीच सापावानी हाय. एका पुरात तं ती फना काढून गावात शिरली होती, मी सोता पाह्यली."

"आणि चंद्र?"

"वडनेरले पुनवेचा चंद्र पाहून लेकरं भाकर मांगतात. एवढा खाली येते तिथं."

"आणि छत्री?"

"एका वर्षी पाऊस असा झाला, का छत्र्या सडून गेल्या. लोकं घागरी पालथ्या डोक्यावर घेऊन फिरत."

आता मला थांबता येत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांना हसवलेला माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही.

"मले तर काईच माहीत नाही, बाई," मी पुढं म्हणालो. "मी त्या दिवशी हॉलजवळ नव्हतोच. बियानं आनाले चिखलीले गेलो होतो."

धम्मशीलानं फाइल मिटली. पेनाला टोपण लावलं.

तेव्हा रुख्मिणी खुदकन हसली. आतापर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. तिनं तळहात पुढं केला आणि नागमोडी चालवला. मग दोन्ही हातांचा गोल केला. मग डोक्यावर दोन बोटं धरली, बैलाची शिंगं.

"त्या खिडकीत एक म्हातारा होता," ती धम्मशीलाला म्हणाली. "असं असं करे. मले लय हसू ये. पन बिचारा घामाघूम होऊन राह्यला होता, म्हनून मी बी सांगत गेली."

बाकावर कोणी हसलं नाही. गुलाबरावही नाही.

"कोण होता, काकू?" धम्मशीलानं विचारलं.

रुख्मिणी माझ्याकडं वळली. एखाद्या परक्या माणसाला निरखावं तसं तिनं मला टोपीपासून चपलेपर्यंत निरखलं.

"खोटं काऊन बोलता, बाबा?" ती म्हणाली. "तुमीच तं होते."