वाघजाईच्या नावाचं खोकं

"तुमीच अडवलंय ते. दुसऱ्या कुणी न्हाई. वाऱ्यानं न्हाई, पावसानं न्हाई, दरडीनं न्हाई. तुमी!"

कैलास फोनमध्ये ओरडत होता. वाडीत रेंज नसते, म्हणून तो ताम्हिणीच्या रस्त्याला, एका धाब्याच्या पत्र्याखाली येऊन उभा होता. पलीकडचा कस्टमवाला साहेब शांत होता. असल्या माणसांना घाई नसतेच.

"हळू बोला. माल कुणाच्या नावावर आहे?"

"वाघजाई."

"पूर्ण नाव सांगा."

"वाघजाई. यवढंच."

"आडनाव?"

"देवीला कसलं आडनाव, सायेब?"

पलीकडे कुणीतरी खुसखुसलं. मग साहेबांनी घसा साफ केला. "आधार आणि पॅन लागेल. ज्याच्या नावावर माल, त्याचंच. त्याशिवाय खोकं सुटणार नाही."

फोन बंद झाला. धाबेवाल्यानं पुढे केलेला चहा कैलासनं तसाच ठेवला. त्याची पोरगी वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर धरणाच्या पलीकडच्या काठाला. दवाखाना अलीकडे, पौडला. मधे पाणी. आणि पाण्यावर वाडीची पोरं शाळेला नेणारी कैलासची लाँच, जिच्या इंजिनाचा गिअर कधी सुटेल याचा नेम नव्हता.

हा गिअर इंजिनाच्या खालच्या टोकाला, पाण्यात असतो. तो फिरला तर पंखा फिरतो. पंखा फिरला तर लाँच चालते. चैत्रापासून त्यातून खरखर येत होती. कैलासनं मेकॅनिक आणला, दोनदा खोलून पाहिलं, ग्रीस भरलं. मेकॅनिक म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं, मामा. हिंदुस्थानात गिअर गावायचा न्हाई." तेव्हापासून कैलासला भाकरी खातानाही ती खरखर ऐकू यायची. बायको म्हणायची, जात्यावर कोन बसलंय का काय तुमच्या डोक्यात?

मनीष मदतीला आला. भुकूमला नव्या सोसायटीत राहणारा, मूळचा लातूरकडचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा पोरगा. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर लाँचमध्ये बसला आणि खरखर ऐकून घाबरला. "काका, हे सेफ नाहीये हां. माझी बहीण आहे बाहेरच्या देशात, किमया. तिच्या गावात बोटीच बोटी आहेत. बघू तिला विचारून." किमयानं एका जुन्या इंजिनाचा चांगला गिअर शोधला, वर अंगात घालायची सहा तरंगती जॅकेटं घातली आणि खोकं पाठवायची तयारी केली.

"कुणाच्या नावानं पाठवायचं, काका?" मनीषनं विचारलं.

"वाघजाईच्या."

मनीष हसला. "नाही, खरंच सांगा."

"खरंच सांगतुया. लाँच तिची हाय."

आणि ते खोटं नव्हतं. आधी लाँच कैलासच्या बापाच्या नावावर होती. भावकीत बांधावरून भांडण लागलं तेव्हा कैलासच्या चुलत्यानं, म्हणजे चुलतभाऊ दिग्विजयच्या बापानं, लाँचला साखळी घालून कुलूप ठोकलं. सगळा पावसाळा वाडी काठावर बसून राहिली. अनसूया नावाची बाई साप चावून त्याच काठावर गेली. समोर लाँच होती, कुलपात. त्यानंतर गोजराबाईनं, कैलासच्या आत्यानं, वल्हं उचलून देवीपुढं ठेवलं आणि दोन्ही घरांना दरडावलं, "आजपास्नं लाँच वाघजाईची. कुणी नाव लावलं तर हात मोडंल." तेव्हापासून पेट्रोलची पावतीसुद्धा वाघजाईच्या नावानं फाटते. पौडचा पंपवाला काही विचारत नाही. त्यालाही कळतं. कस्टमला कळत नाही.

या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं तेव्हा वाघजाईचं जुनं ठाणं बुडालं. त्या वेळी तिच्याकडं कुणी कागद मागितला नव्हता. बुडवायला ओळखपत्र लागत नाही. सोडवायला लागतं.

कैलास वाडीत परतला आणि थेट देवळात गेला. गोजराबाई वाती वळत बसली होती.

"आत्या, खोक्याला मानसाचं नाव लागतंय. माझं घालू का?"

म्हातारीनं वर पाहिलं नाही. "दिग्याला इचारलंस?"

"त्यो कशाला व्हय म्हनंल?"

"मी का न्हाई म्हनंन?" दिग्विजय दारात उभाच होता. ओल्या घोंगडीतून पाणी गळत होतं. "वैशी काय तुझी यकट्याची हाय व्हय रं? माझ्या मांडीवर मुतलीय ती. घाल तुझं नाव. कुटं सही करायची ते दाव."

गोजराबाईनं हातातली वात खाली ठेवली. "घाला. देवी समजून घेईल. सरकारचं मला म्हाईत न्हाई."

दोन घरांचं भांडण एका वाक्यात मिटलं. सरकारी काम मात्र तिथून पुढं सुरू झालं. मनीष भुकूमहून फोनावर फोन करत होता. नाव बदलायला पाठवणाऱ्याचं पत्र हवं. किमयानं पत्र दिलं. मग साहेब म्हणाले, गिअर वापरलेला आहे, जुन्या मशिनरीची वेगळी परवानगी लागते. मग म्हणाले, जॅकेटांमध्ये ती फुगवायची गॅसची नळकांडी आहेत, धोकादायक माल आहे.

"धोकादायक?" कैलास धाब्यावरून फोनवर मनीषला म्हणाला. "बुडनाऱ्याला वर काढायचं जॅकेट धोकादायक?"

"काका, मी तेच बोललो त्यांना. ते म्हणाले, रूल आहे."

"मग आमी बिनजॅकेटाचं बसतुया, त्याला काय रूल हाय का न्हाई?"

मनीषनं पुन्हा साहेबांना फोन लावला. बिचाऱ्याचा आवाज रडवेला झाला होता.

वैष्णवीचा नवरा किशोर पिरंगुटच्या कारखान्यात होता. तो रोज निरोप धाडायचा, तिला अलीकडं आणा. कैलास म्हणायचा, खोकं आलं की पहिली खेप तिचीच. गाडीरस्ता दरडीनं बंद होता आणि त्या गिअरवर पोटुशी पोर बसवायची त्याची छाती होत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेला अजून अवकाश होता. त्या अवकाशाच्या भरवशावर तो रोज एकेक दिवस ढकलत होता.

पोटातल्या लेकरानं अवकाश मानला नाही. श्रावणातल्या एका दुपारी वैष्णवी चुलीपुढून उठली ती भिंत धरूनच. गोजराबाईनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आडवं हाय. हितं न्हाई व्हायचं. न्या हिला."

पश्चिमेचा वारा सुटला होता. पाणी काळं पडलं होतं. कैलासनं दोरी ओढली, इंजिन लागलं आणि खरखर सुरू झाली. दिग्विजय वल्ही घेऊन पुढं बसला. वैष्णवी गोजराबाईच्या मांडीवर होती. सगळे त्या आवाजाकडं कान लावून होते, आजाऱ्याच्या श्वासाकडं लावावा तसा.

निम्मं पाणी कापलं आणि खरखर थांबली.

कैलासला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं. इंजिन गर्जत होतं, धूर ओकत होतं, आणि लाँच जागची हलत नव्हती. गिअर तुटला होता, पंखा फिरत नव्हता. वाऱ्यानं लाँच आडवी केली आणि धरणात बुडालेल्या टेकडीच्या खडकांकडं ढकलायला सुरुवात केली. ते खडक पाण्याच्या जरा खाली असतात. दिसत नाहीत. फक्त तिथं पाणी पांढरं होतं.

"मार वल्हं, दिग्या!" कैलासनं दुसरं वल्हं उचललं.

"मारतुया! तू डावीकडनं लाव!"

"आबा," वैष्णवी म्हणाली, "आबा, आपन कुनीकडं चाललोय?"

"पौडला," कैलास म्हणाला. लाँच पौडकडं पाठ करून वाहत होती. त्यानं पोरीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातातलं वल्हं सुटलं असतं. पांढरं पाणी जवळ आलं. तळाला काहीतरी घासलं, फळी करकरली. गोजराबाईनं पोरीचे कान दोन्ही हातांनी झाकले. दिग्विजयनं वल्हं खडकाला रोवलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. वल्हं मोडलं. पण लाँच सरकली, हातभर सरकली, आणि खडक मागं गेला.

उरलेलं पाणी त्यांनी एका वल्ह्यानं आणि एका फळीनं कापलं. कसं, ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. काठावर जीप मिळाली. पौडला पोट कापून मुलगी बाहेर काढली. मुलगी रडली. वैष्णवी वाचली, पण डॉक्टरीणबाई किशोरला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या की पिशवी काढावी लागली, पुन्हा मूल होणार नाही. किशोर भिंतीला टेकून खाली बसला.

नर्स बाळाला घेऊन कैलासपुढं आली. "घ्या, आजोबा."

कैलासनं तळहात पाहिले. कातडी सोलून निघाली होती, रक्त सुकलं होतं. त्यानं हात पाठीमागं नेले. "नको, बाई. दिग्याकडं द्या." पण दिग्विजयचेही हात तसेच होते. नर्स बाळाला घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कस्टमचे साहेब होते. आवाजात आनंद होता.

"अभिनंदन! नाव बदललं. आता फक्त एकच. बोटीचं रजिस्ट्रेशन, आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना. तेवढं आलं की बाकीचं बघू."

कैलास बाहेर पायरीवर आला. पाऊस तिरका येत होता. या वेळी तो ओरडला नाही.

"सायेब, लाँच बांधून ठिवलीय. गिअर तुटला. उद्या सकाळी शाळंची पोरं काठाला येत्याल. वल्हं यकच ऱ्हायलंय. पोरं म्हनत्याल, काका, बसू का? त्यास्नी बसवू, का घरी धाडू?"

"ते आम्ही कसं सांगणार? तो आमचा विषय नाही."

"मग कुनाचा हाय? त्याचं नाव सांगा. पूर्ण नाव. आडनावासकट."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"मी फोन ठिवत न्हाई, सायेब. बोला."