कबरीतली मेणबत्ती

“काका, तुमची स्वतःची मेणबत्ती कधी विझते का?”

हा प्रश्न मेणबत्तीवरून भविष्य सांगणाऱ्या अबू लाझरला भर गर्दीत विचारून दाखव, अशी पैज नार्दीनच्या मैत्रिणींनी लावली होती. शाळेच्या पायरीवर बसून पैज घेणं सोपं होतं. आता बेथलेहेमजवळच्या बेत जाला या आपल्याच गावातल्या त्याच्या गुहेत, उदाच्या दाट धुरात, पन्नासेक यात्रेकरूंमध्ये उभं राहिल्यावर तो विचारायचा तिला धीर होईना.

शेजारी नुहादमावशी होती. गलीलातल्या रामे गावची, आईची जुनी मैत्रीण. सकाळपासून नार्दीनच तिला फिरवत होती. बेथलेहेमात प्रभूच्या जन्मस्थानी मावशी कपाळ टेकून इतकी रडली की मागची रांग खोळंबली. देवदूतांनी मेंढपाळांना जन्माची वार्ता दिली त्या शेतात तिने चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली. तिच्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी हैफाच्या इस्पितळात व्हायचं होतं. आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं, या गुहेतली कबर आजाऱ्याचं भविष्य सांगते.

कबर म्हणजे खडकात कोरलेला कमरेइतका खोल खड्डा, उतरायला दोन-तीन पायऱ्या. काठावर अबू लाझर, पांढरा झगा, हातातली मेणबत्ती छातीशी.

“या लेकरांनो. इथे रक्त तपासत नाहीत, फोटो काढत नाहीत. प्रभूने मेलेल्या लाझरला कबरीतून उठवलं तेव्हा कुणी त्याची नाडी बघितली होती? ज्याच्या घरावर कृपा, त्याची ज्योत जळते. ज्याच्या घरात मरण शिरलं, त्याची विझते. ज्योत खोटं बोलत नाही, बाकी सगळे बोलतात.”

एका गलेलठ्ठ व्यापाऱ्याला त्याने पेटती मेणबत्ती देऊन वरच्याच पायरीवर उभं केलं. ज्योत ऐटीत जळत राहिली. मावशीला मात्र म्हणाला, “तू खाली उतर. गुडघे टेक. मेणबत्ती दगडापाशी ने.”

ना वारा, ना फुंकर. ज्योत एकदा लवली आणि गेली.

गर्दीत भराभर क्रूसाच्या खुणा झाल्या. नार्दीन दहावीत विज्ञानात पहिली आलेली, पण त्या क्षणी तिलाही वाटलं, गेला मावशीचा मुलगा.

“ऑपरेशन थांबव,” अबू लाझर म्हणाला. “सुरी लागली की संपलं. चाळीस दिवस इथे दिवा लाव. आणि आत्ता पालथी झोप, तोंड दगडाला लाव, शंभर वेळा दया माग.”

मावशी लगेच पालथी झाली. “प्रभू, दया कर. प्रभू, दया कर.”

नार्दीनने डोळे मिटून प्रश्न फेकला. “काका, तुमची मेणबत्ती कधी विझते का?”

“माझं मन धुतलेलं आहे, पोरी.”

“मन राहू दे. हात जरा खाली न्या ना.”

कुणीतरी फिसकन हसलं. अबू लाझरचा हात छातीशीच राहिला, उलट आणखी वर गेला. आणि तेव्हाच उदाच्या वासाखालून दुसरा वास तिच्या नाकात शिरला: आंबट, गोडसर, ओळखीचा. द्राक्षांच्या हंगामातला क्रूसाचा सण नुकताच झाला होता. गावात घरोघर वाइनसाठी द्राक्षांचा रस पिंपांत फसफसत होता. या दिवसांत आजोबा तळघरात उतरताना दिवा गुडघ्याखाली धरत. दिवा गेला की तेही मागे फिरत. ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गुहेला पवित्र म्हटलं आणि तळघराची अक्कल सगळ्यांनी दाराबाहेर ठेवली.

“दया... कर...” मावशीची जीभ जड झाली. मग आवाजच थांबला.

“ती समाधीत गेली,” अबू लाझर म्हणाला.

“ती मरतेय,” नार्दीन ओरडली. छातीभर श्वास घेऊन तिने खड्ड्यात उडी मारली आणि मावशीला बगलेत धरून वर ओढलं. दोघा यात्रेकरूंनी हात दिला. बाहेरच्या उन्हात मावशी खोकली, ओकली आणि म्हणाली, “डोकं फुटतंय गं.” नार्दीनला तेवढं ऐकून रडू फुटलं.

डोळे पुसून ती परत आत गेली. अबू लाझरच्या हातातली मेणबत्ती हिसकावून तिने खड्ड्यात धरली. विझली.

“तुमच्या घरात कोण मरतंय, काका?”

मग तिने भिंतीशी मांडलेल्या संतांच्या मूर्तींमागचा पडदा ओढला. वरच्या ओट्यावर रसाची आठ उघडी पिंपं बुडबुडत होती. ओट्यातून खड्ड्यात उतरणारा दगडी पन्हळ सगळ्यांनी पाहिला. ती कबर नव्हतीच. पूर्वी वर द्राक्षं तुडवायचे आणि रस या हौदात उतरायचा. आता रसाऐवजी फसफसण्यातून सुटलेला वायू उतरत होता, हवेहून जड, तळाशी साचणारा, ज्योत आणि श्वास दोन्ही कोंडणारा. वर उभा राहील तो पुण्यवान, खाली वाकेल तो पापी.

एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, “आणि मी इथे नातवाला झोपवणार होते.”

मावशीने तिथूनच मुलाला फोन लावला. “ऑपरेशन उद्याच करून घे. मी येतेय.”

घरी पोचल्यावर नार्दीनने आईबाबांना सगळं सांगितलं. ते ऐकून बाबा हळूच म्हणाले, “बोभाटा नको, बाळा. तो तुझ्या आत्याचा दीर लागतो.”

“मग आत्याला पुढे उभी करू,” ती म्हणाली. “रविवारी प्रार्थना सुटली की सगळ्यांना तिथे नेऊन मी हौदात दिवा सोडणार आहे. देवाला हात जोडा, मीही जोडते. पण कुणी वाक म्हटलं, तर वाकण्याआधी खाली काय आहे ते बघा, एवढंच सांगणार. आई, बाबा, तुम्ही नको म्हणालात तरी सांगणार.”