बांधावरचा तिखट भोपळा

भाताची लोंबी पिवळी पडायला लागली की दाजी खांब गावाहून लेकीच्या गावाला जायचा. त्या वर्षी तो पहिल्या एसटीने निघाला, तो लाल भोपळ्यांची कावड घेऊनच. कंडक्टरने कटकट केली, पण दाजीने ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली. घागरीएवढे भोपळे धरले होते यंदा. सरूच्या सासरी ते दिसायलाच हवे होते.

सरू त्याची धाकटी. लग्न ठरवताना त्याने खरं ते सांगून टाकलं होतं, "पोर शेतात वाघीण हाय, चुलीपाशी मात्र जरा कच्ची." तेव्हा सगळे हसले, पण तिची सासू चंद्रावती हसली नव्हती. तेव्हापासून दाजीच्या जिवाला घोर होता.

वडखळला उतरून तो खाडीकाठच्या गावात पोचला, तर गावात एक गडीमाणूस दिसेना. सरू विहिरीवरून पळतच आली.

"बरं झालं आलास, बाबा! रातच्या उधाणानं बाहेरचा बांध फोडला. खारं पाणी भातात शिरतंय. समदे तिकडंच हायेत, रातीपासून उपाशी."

दुपारच्या भरतीआधी भगदाड बुजलं नाही, तर उभं पीक जळणार होतं. चंद्रावती ओसरीवरून म्हणाली, "एकेकाला घरी जेवायला बोलव गो."

"एकेक घरी आला तर तिकडं हात कमी पडतील, आई. जेवण बांधावर नेऊ."

"आनि घालशील काय? आज मासळी कोनी मारलीय?"

सरूने कावडीकडे बोट दाखवलं.

"भोपळा? आजाऱ्याचं जेवण ते! चिखल उपसणाऱ्याचं पोट भरंल व्हय त्यानं?"

"मी करते तसा खाऊन तर बघा."

आणि ती कामाला लागली. कुणाच्या घरी बिरड्यासाठी वाल मोड काढून ठेवलेत, ते तिला पाठ होतं. हाका मारून तिने आयाबायांना अंगणात बसवलं आणि वाल सोलायला लावले. लग्नाकार्याचा मोठा टोप तीन दगडांवर चढला. भोपळ्याची साल विळीला दाद देईना, तेव्हा दाजीनेच कोयता उचलला. सरूने कांदा-खोबरं निखाऱ्यावर काळपट भाजलं, लसूण आणि ओंजळभर सुक्या मिरच्या घालून पाट्यावर वाटलं. तेलात वाटण पडलं तशी अख्खी आळी ठसकली. वर वाल, भोपळ्याच्या जाड फोडी, आमसुलं. भोपळ्याच्या थोड्या फोडी तिने डावाने मुद्दाम ठेचल्या. रस्सा दाट झाला. दाजी बघतच राहिला. भाकरी करपवणारी त्याची पोर आता दहा बायांना कामं सांगत होती, आणि कुणी उलटून बोलत नव्हतं.

टोपाच्या कानांत बांबू घालून तो बांधावर नेला. चिखलाने माखलेले गडी रांगेने बसले, केळीच्या पानावर भाकरी आणि वर वाफाळता रस्सा. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी आलं, नाकं वाहायला लागली. सरूचा नवरा कान्हू हाहू करत म्हणाला, "आग हाय नुसती! अजून वाढ." गावचा म्होरक्या, म्हातारा काळुराम, बोटं चाटून उठला, "चला रं, आता भरतीच्या बापाला अडवू!"

दाजीही धोतर खोचून चिखलात उतरला. पेंढा, काटक्या, चिखल; पुन्हा पेंढा, पुन्हा चिखल. पाणी चढत आलं, ओल्या बांधाला भिडलं, कडेची माती थोडी ढासळली. गड्यांनी तिथे आणखी पेंढा दाबला. बांध हलला नाही. हळूहळू पाणीच मागे सरलं, आणि पलीकडे बरंचसं भात तसंच पिवळं उभं राहिलं.

बांधावर आरोळी उठली. त्या गलक्यात दाजीला बायांबरोबर बांधावर आलेल्या चंद्रावतीचा आवाज ऐकू आला. शेजारणीला ती ठसक्यात सांगत होती, "माझी सून! भोपळ्यानं गडी लढवलं तिनं."

काळुराम चिखलाचे हात पुसत दाजीजवळ आला. "पाव्हणं, तुमी कुठले? चिखलानं तोंड वळखू येईना."

खांबच्या दाजीची ओळख सांगायला एरवी जमीन, मळा, भावकी सगळं निघायचं. आज त्याने छाती पुढे काढली आणि सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"मी सरूचा बा."