लाल रेघेवरचा काटा

तात्याबा लेकीला आणायला वडगाव रासाईहून दौंडला निघाले आणि अर्ध्या वाटेत गाडीचा काटा पुन्हा लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटमधून वाफ निघाली. एसीतून चुलीपुढं बसल्यासारखा वारा येत होता.

रुपालीचं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पण माघात तिची आई अनसाबाई गेल्या, घरात करणारं बाईमाणूस उरलं नाही, म्हणून ते दौंडलाच झालं. आता वैशाख लागला, तरी नातीनं आजोळ पाहिलं नव्हतं. विहीणबाई विठाबाईंनी फोनवर निकाल दिला होता, "असल्या उन्हात माझी नात भट्टीत बसायची न्हाई. एसी चालू असंल तर न्या, न्हाईतर दिवाळीला बघू."

दिवाळीपर्यंत रिकाम्या घरात बसायचं तात्याबांना जमणार नव्हतं.

दोघा वाटसरूंनी गाडी ढकलून जवळच्या गॅरेजात आणली. मेकॅनिक धम्मदीप हात पुसत पुढं आला.

"आबा, एसीचा गॅस भरलाय?"

"दोनदा."

"थर्मोस्टॅट?"

"बदलला."

"कूलंट?"

"माझ्यापेक्षा जास्त तीच पिती."

"मग डॉक्टर बदला."

"बदलला म्हणून तर तुझ्या दारात हाय!"

इंजिन निवल्यावर धम्मदीपनं कूलंट भरून गाडी चालू केली. पंखा फिरत होता. गॅसही पुरेसा होता.

"सगळं हाय, मग वाराच आत जात नसंल. पुढच्या जाळीत धूळ बसली असंल."

गाडी बंद करून त्यानं जाळीवर पाइप धरला. बराच वेळ पाणी सोडलं, तरी खाली थेंब पडेना. मग एकदम वास सुटला. धम्मदीपनं नाक दाबलं.

"उंदीर मेलाय वाटतं आत."

तात्याबा वाकले. त्यांचं सगळं बालपण मेंढरांमागं गेलं होतं.

"उंदीर न्हाई. मेंढरू हाय."

"रेडिएटरमधी?"

"व्हय. भिजलेलं."

धम्मदीप पोट धरून हसला. हसत हसतच त्यानं जाळी काढली आणि आत पाहिलं. रेडिएटरच्या पुढं काळ्या घोंगडीचा तुकडा पसरला होता. चारी कोपऱ्यांना सुतळीनं बांधलेला, कडेनं लाल दोऱ्याची शिवण. काळ्या जाळीमागं काळी लोकर, म्हणून आजवर कुणाला दिसली नव्हती.

"आबा, ह्यो उद्योग कुणाचा?"

तात्याबांनी शिवण ओळखली. पौषात गाडी सकाळी चालू होताना खोकायची. ते अनसाबाईंना गमतीनं म्हणाले होते, "हिला बी थंडी बाधली." अनसाबाई खोकणाऱ्या मेंढीच्या छातीला असाच तुकडा बांधायच्या. गाडीलाही बांधला, आणि सांगितलं नाही.

"आमच्या डॉक्टरीणबाईंचा," तात्याबा म्हणाले. "औषध बरोबर व्हतं. सोडायला तेवढी राहिली न्हाई."

त्यांनी डोळे पुसले आणि घाम फार येतोय म्हणाले. धम्मदीपनं टेबलफॅन त्यांच्याकडं वळवला.

तुकडा गाडी धुवायच्या शाम्पूनं धुतला आणि तापलेल्या पत्र्यावर वाळत घातला. तो वाळेपर्यंत गाडी चालू ठेवली. काटा मधोमध उभा राहिला आणि एसी असा सुटला, की धम्मदीप आत बसून उठेचना.

दौंडला विठाबाई स्वतः गाडीत बसून बघायला आल्या. दार लावलं, थोडा वेळ बसल्या आणि अंग चोरत बाहेर पडल्या.

"अगं बाई! हे तर बर्फाचं दुकान हाय. पोर गारठंल. न्हाई पाठवायची!"

"विहीणबाई, भट्टी नको म्हणालात, आता बर्फ नको?"

"मग मधलं काय न्हाई का तुमच्याकडं?"

तात्याबांनी एसी एकवर आणला आणि मागच्या सीटवरून घोंगडीचा तुकडा काढला. विठाबाईंनी तो हातावर घासून, वास घेऊन तपासला. लाल शिवणीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही अनसाबाईंची शिवण ना?"

"व्हय. गाडीसाठी केली व्हती."

"गाडीला काय करायची घोंगडी?"

"ते मी वाटंत रुपालीला सांगतो. तुम्हाला सांगितलं तर पोर पाठवायच्या न्हाईत."

विठाबाईंनी दुपटं नीट गुंडाळून वरून घोंगडी घातली आणि पोरीला रुपालीच्या मांडीवर दिलं. गावची वेस आली तरी काटा मधोमधच होता. तात्याबा मात्र आरशातून मागंच बघत होते.