चार सूत बसलेली स्प्रिंग

दाबा मला, दबेन. पण हात काढलात की मी माझ्या जागी येणार, तेव्हा बोटं सांभाळा. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, अंबूबाईंच्या दुकानात खिळ्याला लटकलेली स्प्रिंग बोलतेय मी. इथे शटरच्या, सायकलच्या सीटच्या, यंत्रांच्या स्प्रिंगा वळतात. मी मात्र खेळण्यासाठी जन्मले आणि त्याची मला लाज नाही.

आठवीतली अनुजा एक दिवस फोमच्या गोळ्या उडवणारी प्लॅस्टिकची बंदूक घेऊन दुकानात आली. स्प्रिंग बदलली, नळी बदलली, तर गोळी किती लांब जाते, हे तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं.

"मावशी, हिच्यापेक्षा कडक स्प्रिंग पायजे."

अंबूबाईंनी जुनी स्प्रिंग दोन बोटांत दाबली. "ही व्हय स्प्रिंग? ही तर केसातली पिन हाय."

मग पोलादी तार सळईभोवती गुंडाळून त्यांनी मला वळलं, भट्टीत शेकलं आणि पट्टीवर ठेवून मापलं. बरोबर पाच इंच. शाळा त्यांनी चौथीत सोडली. पण मापाच्या बाबतीत त्यांनी कुणाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नाही.

नळ्या तीन होत्या. बंदुकीची मूळची चार इंची, आणि तेवढ्याच जाडीच्या पाइपातून कापलेल्या एक नऊ इंची, एक अठरा इंची. माझं काम साधं. दट्ट्या मागे ओढला की मी दबते. घोडा दाबला की उसळते. मी दट्ट्याला रेटते, दट्ट्या हवेला आणि हवा गोळीला.

अनुजाचे काका जोतीराम म्हणजे पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर समर्थक. या गावात पोर पहिलं पाऊल टाकायच्या आत त्याचा फ्लेक्स चौकात लागतो. काकांनी तेच केलं. प्रदर्शनाला तीन दिवस असताना आठ फुटी फ्लेक्स छापून शाळेच्या फाटकावर लावला. मध्ये अनुजा, भोवती गॉगल घातलेले सतरा शुभेच्छुक, आणि वर ठळक अक्षरांत: 'कडक स्प्रिंग, लांब नळी, सगळ्यात लांब गोळी! नाद खुळा!'

"काका, अजून मोजलं न्हाय की आम्ही!"

"त्यात मोजायचं काय? नळी लांब तेवढा जोर जास्त. शेंबडं पोर सांगंल."

रविवारी सकाळी दुकानापुढच्या बोळात चाचणी झाली. बंदूक टेबलावर आडवी आवळलेली, जमिनीवर फुटाफुटाला रांगोळीच्या रेघा. अंबूबाईंनी बजावलं, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कुणाचा गुण, ते कळत न्हाय." प्रत्येक खेपेला दहा गोळ्या, मग सरासरी.

मूळ नळीत जुनी स्प्रिंग: अठरा फूट. त्याच नळीत मी: सव्वीस. नऊ इंची नळी लावली तशी छत्तीस! काकांनी शिट्टी मारली. मग अठरा इंची लावली. पहिली गोळी बाविसाव्या रेघेवर पडली. दुसरी तेविसाव्या. दहाही तिथेच आसपास.

"हवा संपली तिची," अंबूबाई म्हणाल्या.

खरं होतं. दट्ट्याच्या पोटात मावते तेवढीच हवा मी रेटू शकते. ती नऊ इंचांपर्यंत पुरली. पुढे नुसती नळी, आणि गोळीला घासणाऱ्या तिच्या भिंती.

काकांनी अनुजाला बाजूला घेतलं, पण मी बंदुकीतच होते, सगळं ऐकलं. "उद्या मधल्या नळीला दट्ट्या अर्धाच ओढ. कुणाच्या बापाला कळतंय? माझं नाक जाईल गं पेठेत. सतरा जणांचे फोटो हायत त्यावर."

अर्धीच दाबणार मला! अंबूबाईंच्याही कानावर गेलं, पण त्या रांगोळीच्या रेघा झाडायला लागल्या. आकडे अनुजाच्या वहीत होते, काय सांगायचं ते तिनं ठरवायचं. पोरीनं वही छातीशी धरली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं फ्लेक्स फाटकावरून काढून आपल्या टेबलामागे लावला आणि जमलेल्यांना विचारलं, "कुठली नळी जिंकंल?" सगळ्यांनी फ्लेक्स वाचून लांब नळी दाखवली. परीक्षक बाईंनीसुद्धा. मग अनुजानं दट्ट्या ओढला. खटका वाजेपर्यंत पूर्ण ओढला, मधल्या नळीलाही. मी जीव तोडून उसळले. लांब नळीची गोळी पुन्हा मागेच पडली.

"मग ही चूक टांगून का ठेवलीस?" बाईंनी विचारलं.

"सगळे तिथंच फसतात, बाई. मी पण फसलेली." तिनं जाड मार्कर घेतला आणि ठळक अक्षरांखाली लिहिलं: 'हे मोजायच्या आधी लिहिलं होतं. चुकलं.'

काका मागे हाताची घडी घालून उभे होते. ती ओळ वाचून निघून गेले.

दुसरा नंबर आला. आठवड्याभरानं काकांनीच बंदूक मागून नेली आणि तालमीत ज्याला त्याला दाखवली: "आमच्या अनुजानं शोधलंय!" दाखवून झाल्यावर दट्ट्या ओढलेला तसाच ठेवून बंदूक फळीवर टाकली. महिनाभर मी दबून पडले. अंबूबाईंनी मापलं तेव्हा मी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, बसले होते.

"जोत्या, काम झाल्यावर सोडायची असती रं तिला!"

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं. वापरा, पण ओढून ठेवू नका. एकदा बसलेली मी परत पाच इंच होत नाही.

आता बंदुकीत नवी आहे. मी खिळ्यावर, आणि तो फ्लेक्स समोरच्या मशिनवर धूळ अडवायला. मार्करची ओळ अजून वाचता येते. परवा जोतीराम शटरच्या स्प्रिंगसाठी आले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फायनलच्या विजयाचा फ्लेक्स आजच छापायला टाकू का, असं कुणी तरी विचारत होतं. काकांनी मशिनवरची ती ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"थांब की लेका," ते फोनवर ओरडले. "आधी मॅच तरी हू दे!"

हसायला मला तोंड नाही. पण ते गेल्यावर अंबूबाईंनी दुकान बंद करायला शटर धाडकन खाली ओढलं, आणि मी खिळ्यावर बराच वेळ थरथरत राहिले.