दोन दाइकोकुंची होडी

माझ्यात दुसरा दाइकोकु येऊन बसला, तेव्हा मी पहिल्यांदा दचकले. धान्याचा हा देव एक आधीच होता, तांदळाच्या गोण्यांवर उभा, हसरा.

मी ओंजळीत मावेल एवढी लाकडी होडी बोलतेय. इथं जपानात नव्या वर्षात सात भाग्यदेवतांच्या दर्शनाला निघालेली माणसं पहिल्या देवळात मला घेतात आणि प्रत्येक देवळातली मातीची मूर्ती माझ्यात बसवत जातात. मला घडवणाऱ्या सुतारानं डोलकाठीला घुंगरू बांधलं होतं. मला ती नुसती हौस वाटली.

मला घेतलं शिझुनोबाईंनी. सोबत त्यांचे यजमान, तोकुजिरो. दाइकोकुच्या देवळातून निघताना ते म्हणाले, मूर्ती राहिलीच की, आणि पुन्हा रांगेत उभे राहून तीच घेऊन आले. बाई हसून म्हणाल्या, बरं झालं, यंदा भात दुप्पट. पण त्यांचा अंगठा माझ्या काठावर घट्ट रुतला होता.

शेवटचं देऊळ बेनतेन देवीचं, तळ्यातल्या बेटावर. जायचा पूल वेगळा, यायचा वेगळा. नवरा-बायको जोडीनं गेले तर देवीला मत्सर वाटतो, ताटातूट होते म्हणतात. म्हणून लग्नापासून ही दोघं एकेकटी जायची. आधी बाई जायच्या, तोवर ते दगडी दिव्यापाशी गरम आमाझाके, तांदळाचं गोड पेय, पीत थांबायचे.

"देवीला सांग, माझी वाट बघू नको म्हणावं," ते म्हणाले.

"तिची नजर अजून शाबूत आहे. तुमच्याकडे कशाला बघेल?"

बाई निघाल्या खऱ्या, पण दोनदा वळून पाहिलं. देवीपुढे हातही नीट जोडले नाहीत. माझ्यात जागा सातच, म्हणून बेनतेनला दोन दाइकोकुंच्या मध्ये कशीबशी बसवली आणि लगबगीनं बाहेर आल्या.

दिव्यापाशी रिकामा पेला होता. ते नव्हते.

"अहो!" बाईंनी हाक मारली. तीन-चार म्हातारे वळले, त्यांत हे नव्हते. बाई पुन्हा जायच्या पुलापाशी धावल्या. "घर आठवेल का त्यांना? माझं नाव तरी?" त्या पुटपुटत होत्या. हाका गर्दीत बुडाल्या, तेव्हा त्यांनी मला उंच धरून हलवलं. मूर्ती एकमेकींवर आपटल्या, मी भीतीनं अर्धी झाले, पण माझं घुंगरू खणखणीत वाजलं.

आता वर्ष सरलंय. उद्या जुन्या ताईतांसोबत मला देवळातल्या अग्नीत निरोप देतील. आगीची भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण तक्रार नाही. वर्षभर त्या दोघांच्या जेवायच्या जागेजवळच्या फळीवर बसले, रोज पुसली गेले. त्या सुताराचे आणि त्या घुंगराचे उपकार मी विसरणार नाही. कारण ते वाजलं आणि पुलाच्या मधोमध, गर्दीतून एक हात वर झाला.

"अगं, मी इथं आहे. एकटीच कुठं गेली होतीस? चल, जोडीनं जाऊ."